लंडन ते स्कापा फ्लो : ताफ्यांच्या मागावर

सोमवार, लंडन

टॉवर ऑफ लंडनपाशी आलेली सगळी गर्दी कोहिनूर बघायला रांग लावते. आम्ही उलट्या बाजूने रस्ता ओलांडून ट्रिनिटी स्क्वेअरच्या बागेत शिरलो. ऑफिसातली माणसं जेवणाच्या सुट्टीत बाकांवर सँडविच खात बसली होती, बाकी शुकशुकाट. व्यापारी जहाजांवरच्या ज्या माणसांना समुद्राखेरीज दुसरी कबर मिळाली नाही, त्यांचं हे स्मारक. पहिल्या महायुद्धाचा भाग लट्यन्सने बांधला, म्हणजे आपल्या नवी दिल्लीवाल्यानेच. दुसऱ्या महायुद्धाचा भाग जमिनीखाली उतरत जाणाऱ्या बागेत आहे. तिथे भिंतीभर काशाच्या पाट्या आणि त्यांवर जवळजवळ २४,००० नावं.

माझी उभी हयात इंजिन रूममध्ये गेली, त्यामुळे मांडणीकडे आधी लक्ष गेलं. नावं जहाजवार आहेत. आधी जहाज, मग मास्टर, म्हणजे कप्तान, आणि त्यानंतर बाकीचे सगळे वर्णक्रमाने. चीफ इंजिनिअर असो नाहीतर कोळसा ओढणारा पोऱ्या, एकाच रांगेत. आमच्या कंपनीत हे कधी जमलं नसतं.

'ए'च्या पाटीवर 'अथेनिया' सापडलं. ३ सप्टेंबर १९३९ रोजी सकाळी सव्वाअकराला चेंबरलेनने रेडिओवर युद्ध जाहीर केलं आणि त्याच संध्याकाळी आयर्लंडच्या वायव्येला यू-३० या पाणबुडीने हे प्रवासी जहाज फोडलं. पाणबुडीचा कप्तान लेम्प याला ते शस्त्रसज्ज क्रूझर वाटलं, असं नंतर निष्पन्न झालं. जर्मनीने तर युद्ध संपेपर्यंत कानांवर हात ठेवले. पण लंडनमध्ये नौदलाने अर्थ काढायचा तो काढला : आता कुठल्याही जहाजाला गय नाही. आठवडा उलटायच्या आत पहिले ताफे बंदराबाहेर पडले. ताफा म्हणजे रक्षक जहाजांच्या सोबतीने एकत्र निघालेली व्यापारी जहाजं, आमच्या भाषेत सांगायचं तर कॉन्व्हॉय.

या भिंतींवर कोकणातली नावं शोधत बसू नका. १९३९ साली ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हिंदुस्थानी खलाशी पन्नास हजारांच्या घरात होते, म्हणजे दर चार माणसांमागे जवळपास एक. मुंबईहून भरती होणाऱ्या जहाजांवर डेकवर रत्नागिरीकडचे सारंग, टंडेल आणि खलाशी, इंजिनात बरेचदा पंजाबी आणि पठाण, सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या जेवणाच्या दालनात, आणि भटारखान्यात गोवेकर. हे गोवेकर धोबी तलावच्या आपापल्या गावाच्या कूडमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या वसतिगृहात, पथारी टाकून पुढच्या बोटीची वाट बघायचे. बुडालेल्यांची नावं आहेत, पण ती पुस्तकात. एक प्रत चितगावला आणि दुसरी मुंबईत, मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये. सहा हजारांच्या आसपास व्यापारी खलाशी आणि त्यांच्याबरोबर रॉयल इंडियन नेव्हीचे नाविक. सीएसटीपासून चालत जाण्याइतकं ते अंतर. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या किती जणांनी ते पुस्तक बघितलंय, हे ज्याचं त्याने मनाशी मोजावं.

आणखी एक गोष्ट पाट्यांवर येत नाही. युद्ध सुरू झाल्याबरोबर, १९३९च्या शरद ऋतूत, हिंदुस्थानी खलाशांनी ठिकठिकाणच्या बंदरांत जहाजं चालवायला नकार दिला. गोऱ्या खलाशाच्या पगाराचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा यांच्या हातात पडायचा, टॉर्पेडो मात्र दोघांना सारखाच. कित्येकांना तुरुंगात टाकलं, पण शेवटी पगार वाढवावे लागले. या संपाची हकीकत युद्धाच्या जाडजूड इतिहासांत तळटिपेत असते. मला ती पहिल्या प्रकरणात हवी होती.

मंगळवार, लिव्हरपूल

यूस्टनहून गाडी, दुपारी लिव्हरपूल. हिने ठाण्याहून आणलेला चिवडा गाडीतच निम्मा संपला.

पिअर हेडवर वारा असा की टोपी हातात धरूनच चालावं लागतं. समोर मर्सी नदी, गढूळ आणि ओढीची. भरती-ओहोटीत पाणी इतकं चढतं-उतरतं की इथल्या गोद्यांना दरवाजे लावावे लागले. काठावर कॅप्टन वॉकर यांचा पुतळा आहे. पाणबुड्यांची शिकार करणारा म्हणून त्यांचं नाव झालं, पण ते नंतरच्या वर्षांत. सुरुवातीची कहाणी पाठलागाची नाही, मार खाण्याची आहे.

'सिटी ऑफ बनारस' हे प्रवासी जहाज इथूनच निघालं, १३ सप्टेंबर १९४० रोजी. बॉम्बवर्षावातून सोडवून कॅनडाला पाठवायची ९० मुलं सरकारी योजनेतून त्यात होती. खालच्या कामाला बहुतेक हिंदुस्थानी खलाशी. रक्षक विनाशिका काही शे मैल सोबत आली आणि १७ तारखेला मध्यरात्रीनंतर, येणाऱ्या दुसऱ्या ताफ्याला आणायला, निघून गेली. त्या काळी रक्षक जहाजं इतकी तुटपुंजी होती की प्रत्येक ताफ्याला पुरा महासागर सोबत मिळायचीच नाही. त्याच रात्री दहाच्या सुमाराला, वादळात, यू-४८चा टॉर्पेडो लागला. ९० पैकी ७७ मुलं गेली. हिंदुस्थानी खलाशी गेले ते शंभराच्या आसपास.

बारा नंबरची एक होडी शोधणाऱ्यांच्या नजरेतून सुटली. तिच्यात ४६ माणसं होती : सहा मुलगे, त्यांना सांभाळणाऱ्या मेरी कॉर्निश, एक पाद्री, जहाजाचे काही लोक आणि तीसएक खलाशी. आठ दिवस ती होडी अटलांटिकमध्ये वाहत राहिली. शेवटी सुंदरलँड विमानाला दिसली. इथे मुलांची आणि मेरी कॉर्निश यांची गोष्ट लोकांना ठाऊक असते, आणि ती आहेच तशी. पण त्या होडीला वल्ह्याऐवजी दांडे होते. हातांनी पुढेमागे ढकलले की पंखा फिरतो आणि होडी चालते. मी बोट-ड्रिलला तशी होडी चालवलीय. शांत बंदरात पाच मिनिटांत खांदे भरून येतात. सप्टेंबरच्या अटलांटिकमध्ये, सुती कपड्यांत, घोटभर पाण्यावर...

"अहो, त्या मुलांच्या आया इथेच उभ्या असतील का?" हिने विचारलं. नसाव्यात. मुलांना घरच्या स्टेशनवरच निरोप द्यायची पद्धत होती. ती काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "चहा घेऊ."

बुधवार, लिव्हरपूल

आजचा दिवस एका तळघरात गेला. रमफर्ड स्ट्रीटवर डर्बी हाउस नावाची इमारत आहे, तिच्या पोटात 'वेस्टर्न अ‍ॅप्रोचेस' या नौदल विभागाचं मुख्यालय होतं. आता संग्रहालय आहे. युद्धाच्या सुरुवातीला हा विभाग प्लिमथला होता. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, पाणबुड्यांना बिस्केच्या उपसागरात तळ मिळाले आणि दक्षिणेकडून येणारा रस्ता धोक्याचा झाला. मग सगळी वाहतूक आयर्लंडच्या उत्तरेला वळसा घालून येऊ लागली आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये मुख्यालयही लिव्हरपूलला आलं.

मुख्य दालनाची एक भिंत दोन मजले उंच आहे आणि तिच्यावर अटलांटिकचा नकाशा. नौदलातल्या मुली, त्यांना 'रेन' म्हणत, उंच शिड्यांवर चढून ताफ्यांच्या खुणा सरकवायच्या. चोवीस तास, पाळीपाळीने. नकाशावर ताफा म्हणजे बोटाएवढी खूण, आणि ती दिवसाला बोटभरच सरकणार.

ताफ्याचं गणित थोडं सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की चाळीस जहाजं एकत्र चालवणं म्हणजे शत्रूला आयतं ताट वाढणं. प्रत्यक्षात उलट आहे. महासागर अफाट मोठा. त्यात सुटी चाळीस जहाजं चाळीस ठिकाणी दिसू शकतात. एकत्र असली तर तो ठिपका एका जहाजाच्या ठिपक्यापेक्षा फारसा मोठा नसतो. पाणबुडी तासन्‌तास रिकाम्या समुद्रावर डोळे लावून बसते. ताफा नऊ-दहा रांगांचा असायचा, प्रत्येक रांगेत चार-पाच जहाजं. म्हणजे रुंदी भरपूर, लांबी कमी, कारण टॉर्पेडो मारायला बाजू सोयीची आणि बाजूच आखूड ठेवायची. मधल्या रांगेत पुढे कमोडोरचं जहाज. हा कमोडोर म्हणजे ताफ्यातल्या व्यापारी जहाजांचा म्होरक्या, बहुतेकदा निवृत्तीतून परत आलेला अ‍ॅडमिरल, आणि बसलेला साध्या मालवाहू जहाजावर.

हे ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकायच्या वरच्या खोलीतून, छान दिसतं. खाली इंजिनात त्याचा अर्थ वेगळा. जागा धरून चालायचं म्हणजे अख्खी वॉच, म्हणजे कामाची पाळी, टेलिफोन किणकिणत राहणार : दोन फेरे वाढव, एक कमी कर, परत दोन वाढव. त्यात निम्मी जहाजं कोळशावरची, आणि धूर झाला की कमोडोर झेंड्यांनी खडसावणार, कारण धूर क्षितिजापलीकडून दिसतो. राख आणि कचरा समुद्रात टाकायचा तो अंधार पडल्यावर. नाहीतर मागे माग राहतो. पुन्हा वेग सगळ्यात हळू जहाजाचा. हॅलिफॅक्सहून सप्टेंबर १९३९ पासून निघणारे 'एचएक्स' ताफे त्यातल्या त्यात बरे. ऑगस्ट १९४० पासून केप ब्रेटनच्या सिडनी बंदरातून 'एससी' ताफे सुरू झाले. हे सात-आठ नॉटचे, म्हणजे ताशी सात-आठ सागरी मैलांचे. जुनीपुराणी, कधी ग्रेट लेक्समधून उचललेली खटारा जहाजं.

यातला एससी-७ म्हणजे या तळघरातल्या माणसांच्या डोक्यावरचं ओझं. ५ ऑक्टोबर १९४० रोजी ३५ जहाजं निघाली. महासागर ओलांडताना सोबत एकच रक्षक जहाज, 'स्कारबरो' नावाचं. आयर्लंडजवळ येताना आणखी काही मदतीला आली, पण त्यांनी एकमेकांबरोबर कधी काम केलेलं नव्हतं. १८ ऑक्टोबरच्या रात्री पाणबुड्यांची टोळी तुटून पडली. एकूण २० जहाजं बुडाली. लगेच दुसऱ्या रात्री एचएक्स-७९ मधली १२.

असं का झालं, याचं उत्तर पाण्याखाली नव्हतं, पाण्यावर होतं. ब्रिटिश नौदलाचा भरवसा अ‍ॅस्डिकवर. ध्वनी सोडायचा आणि पाण्याखालून परत येणारा प्रतिध्वनी ऐकायचा. जर्मन कप्तानांनी रात्री पाणबुडी वर काढली आणि पृष्ठभागावरून, जहाजाच्या वेगाच्या दुपटीने, सरळ ताफ्याच्या रांगांमध्ये घुसवली. तिथे अ‍ॅस्डिक बहिरं, आणि पाण्याला टेकलेली ती काळी पाठ डोळ्यांनाही दिसत नाही. यू-९९चा क्रेट्श्मर यात वाकबगार, एक टॉर्पेडो एक जहाज हा त्याचा हिशेब. रक्षक जहाजं मात्र पाणबुडी बाहेरच असणार असं धरून बाहेरच्या अंधारात धुंडाळत राहिली.

ही युक्ती पुढे १९४२ मध्ये याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर उलगडली, तीही खेळातून. कॅप्टन रॉबर्ट्स नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीवर चौकटी आखल्या, खडूने जहाजांचे मार्ग काढले आणि जहाजांच्या कप्तानांना कापडी पडद्याआड बसवलं. पडद्याच्या फटीतून, रात्री समुद्रावर दिसेल तेवढंच दिसणार. मांडणी हलवणाऱ्या बहुतेक विशी-बाविशीतल्या रेन मुली. अटलांटिकमध्ये दाढी पिकलेल्या कप्तानांना त्या मुलींकडून हरावं लागलं आणि शहाणपण आलं.

एससी-७ मध्ये लोखंडाचं खनिज भरलेली जहाजं होती, आणि लाकूड भरलेलीही. खनिजाचं जहाज फुटलं की मिनिटभरात तळाला जातं. लाकडाचं तरंगत राहतं. म्हणून खनिजवाल्या जहाजांवरची माणसं कपड्यांनिशी, बरेचदा डेकवरच झोपायची. खाली वॉचवर असणाऱ्यांना ती सोय नव्हती. बॉयलरच्या बाजूला टॉर्पेडो लागल्यावर शिडीपर्यंत पोचलेला माणूस मी ऐकलेला नाही.

गुरुवार-शुक्रवार

रेल्वे, रेल्वे आणि रेल्वे. इनव्हर्नेसला मुक्काम, तिथून थर्सोपर्यंत जवळपास चार तास मेंढ्या, पाणथळ माळरान आणि स्टेशनांची लांबलचक नावं. एक गाडी चुकता चुकता राहिली, त्याचं वर्णन करत नाही.

शनिवार, स्क्रॅब्स्टर ते स्ट्रॉमनेस

स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरून ऑर्कनी बेटांना नेणारी 'हॅमनावो' फेरी दीड तास घेते. पेंटलंड फर्थ म्हणजे अटलांटिक आणि उत्तर समुद्र एकमेकांत ओतले जातात ती चिंचोळी जागा. भरतीच्या प्रवाहाने जहाज कसं कुशीवर कलतं ते बघायला मी डेकवर, ही खाली डोळे मिटून. 'ओल्ड मॅन ऑफ हॉय' हा १३७ मीटर उंचीचा दगडी सुळका आला तेव्हा तिला बोलावलं. आली, एक फोटो काढला, परत गेली.

या पाण्याच्या उत्तरेला १९३९ साली 'नॉर्दर्न पेट्रोल', म्हणजे ब्रिटिश नौदलाची गस्त, चालायची. शेटलंड, फेरो आणि आइसलंड यांच्यामधल्या फटी राखायच्या, जर्मनीकडे माल नेणारी तटस्थ देशांची जहाजं अडवायची आणि झडतीसाठी कर्कवॉलला आणायची. रोजचं, कंटाळवाणं, थंडीने गारठवणारं काम. त्यासाठी नौदलाने प्रवासी बोटींवर जुन्या सहा इंची तोफा चढवल्या होत्या. त्यातली एक 'रावळपिंडी', पी अँड ओ कंपनीची. मुंबईच्या टपालाच्या फेऱ्यांवरची, बॅलार्ड पिअरला लागणारी बोट. २३ नोव्हेंबर १९३९ रोजी आइसलंडच्या आग्नेयेला तिची गाठ पडली ती थेट 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नायझेनाउ' या दोन जर्मन युद्धनौकांशी. कप्तान केनेडी साठीचे, निवृत्तीतून परत आलेले. शरण जायचा इशारा मिळाला, त्यांनी तोफा डागल्या. थोड्याच वेळात सगळं आटोपलं. २३८ जण गेले.

याला शौर्य म्हणतात, आणि ते आहेच. पण टपालाच्या बोटीला युद्धनौकेसमोर उभं करण्याची वेळ आणणाऱ्यांबद्दलही कधीतरी बोलायला हवं.

रविवार, कर्कवॉल

कर्कवॉलहून स्कापा बे चालत जाण्यासारखं. वाळूचा छोटा किनारा आणि पुढे बेटांनी वेढलेला विस्तीर्ण जलाशय. हेच स्कापा फ्लो, होम फ्लीटचा, म्हणजे ब्रिटनच्या मायदेशी आरमाराचा, तळ. पूर्वेच्या कड्याजवळ एक हिरवा बोया दिसतो. त्याच्याखाली 'रॉयल ओक' ही बुडालेली युद्धनौका आहे.

१३-१४ ऑक्टोबर १९३९ची रात्र, आकाशात उत्तरध्रुवीय प्रकाश. जर्मन कप्तान प्रीन याने यू-४७ पाणबुडी पूर्वेकडच्या कर्क साउंडमधून आत आणली. तो रस्ता जुनी जहाजं बुडवून बुजवलेला होता, पण पुरता नाही. आणखी एक जहाज बुडवायचं ठरलं होतं, ते पोहोचलं हल्ला झाल्यावर. आत आल्यावर प्रीनला बरंचसं रिकामं पाणी दिसलं, कारण विमानहल्ल्याच्या भीतीने आरमाराचा बराच भाग इथून हलवला होता. 'रॉयल ओक' मात्र होती, पहिल्या महायुद्धात जटलंडला लढलेली.

पहिला टॉर्पेडो नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, फुटला आणि जहाजावर वाटलं की आतच कुठेतरी स्फोट झाला असेल. बरेच जण परत झोपायला गेले. तळाच्या आत पाणबुडी येईल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. सव्वाएकला पुढचे तीन लागले. तेरा मिनिटांत जहाज उलटलं. ८३५ जण गेले, त्यात शंभराहून जास्त अठरा वर्षांखालची पोरं. शेजारी बांधलेली 'डेझी २' ही मासेमारीची छोटी बोट त्या अंधारात, तेलाने माखलेल्या पाण्यातून माणसं ओढत राहिली. तिने ३८६ जण वाचवले.

सेंट मॅग्नस कॅथिड्रल बाराव्या शतकातलं, तांबड्या दगडाचं. डाव्या बाजूच्या भिंतीशी 'रॉयल ओक'ची घंटा टांगलीय आणि खाली काचेत नावांचं पुस्तक. त्याचं पान ठराविक दिवसांनी उलटतात. पुस्तकाशी एक स्थानिक आजोबा उभे होते. मी जहाजावर इंजिनिअर होतो म्हटल्यावर म्हणाले, "मग तुम्हाला तेलाचं सांगायला नको. अजून वर येतं. नौदलाने वर्षानुवर्षं पंप लावून काढलं, तरी येतं."

सोमवार, लँब होम

बस सरळ बांधांवरूनच जाते. 'रॉयल ओक'नंतर चर्चिलने पूर्वेचे चारही मार्ग कायमचे बंद करायला सांगितले. अडीच लाख टन दगड आणि त्यावर ६६,००० काँक्रीटचे ठोकळे, पाच-पाच आणि दहा-दहा टनी. पहिला बांध प्रीन शिरला त्याच कर्क साउंडवर. मी उतरून ठोकळे जवळून बघितले. फेकून दिल्यासारखे वेडेवाकडे पडलेत, आणि तेच बरोबर आहे. लाट फुटायला वेडंवाकडंच लागतं. शेवाळ्याच्या वर एका ठोकळ्याच्या माथ्याला उचलण्यासाठी ठेवलेली लोखंडी कडी अजून आहे, गंजून करंगळीएवढी झालेली.

बांध घातले इटालियन युद्धकैद्यांनी. कैद्यांकडून लढाईची कामं करून घेता येत नाहीत, म्हणून कागदोपत्री हा बेटं जोडणारा रस्ता. रस्ता झालाही, लोक आजही त्यावरून दूध आणायला जातात. ताफ्यांचं रक्षण मात्र बांधाने झालं नाही. पैसा, काँक्रीट, माणसं युद्धनौकांच्या दाराला आधी मिळाली, आणि एससी-७ निघाला तेव्हा सोबतीला एक 'स्कारबरो'.

कैद्यांनी दोन निसेन झोपड्या, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या लष्करी झोपड्या, जोडून आपल्यासाठी चर्च केलं. चित्रकार कियोकेत्ती याने आतले पत्रे असे रंगवलेत की विटा आणि नक्षी खरीच वाटते. दिव्यांच्या झुंबराला कापलेले बीफचे डबे आहेत. ही तिथे अर्धा तास बसून राहिली. या प्रवासात तिला मनापासून आवडलेली पहिली जागा.

मंगळवार, हॉय बेट

हौटनहून फेरीने लायनेसला. इथलं संग्रहालय आरमाराच्या जुन्या पंपघरात आहे, म्हणजे माझ्यासाठी देऊळच. बॉयलर, वाफेवरचे पंप, माणूस आत जाईल एवढे व्हॉल्व्ह. हात लावू नये अशी पाटी होती. लावला.

युद्धात इथे बारा हजारांवर माणसं राबत होती. मागच्या वी फी टेकडीचा खडक फोडून तिच्या पोटात तेलाच्या टाक्या केल्या. मोठमोठ्या युद्धनौका इथे तेल भरायच्या, आणि ते तेल यायचं टँकरने, समुद्रावरूनच. युद्धनौकेच्या तोफांच्या फोटोंसमोर गर्दी होती. ते तेल आणणाऱ्या टँकरचा एकच फोटो कोपऱ्यात, खाली जहाजाचं नावही नव्हतं. मी काउंटरवरच्या बाईंना तसं सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

कोणाला जायचं असेल तर : हौटनच्या फेरीला गाडीसकट जागा आधी राखून ठेवावी, आणि सप्टेंबरनंतर संग्रहालयाच्या वेळा बघूनच निघावं. शाकाहारी असाल तर कर्कवॉलमधून डबा घ्या. लायनेसला आम्हाला मिळालं ते बटाट्याचं सूप आणि बेअर नावाच्या जुन्या जवाची जाड भाकरी. भाकरी हिने दोनदा मागितली.